स्टेजवर कपडे उतरणार असतील तर: करणाऱ्यांसाठी आणि बघणाऱ्यांसाठी

एकांकिका स्पर्धा जवळ आल्या की कुठल्यातरी ग्रुपचा मला फोन येतोच, "दादा, स्क्रिप्टमध्ये एक सीन हाय, जरा अवघड हाय," आणि इथून पुढं आवाज एकदम बारीक. म्हणून एकदाचं सगळं लिहूनच टाकतो. मी काय दिग्दर्शक नाही बरं का, बेळगावात हौशी नाटकांचं बॅकस्टेज बघतो, म्हणजे विंगेत उभा असतो, आणि असले सीन निभावतात किंवा फसतात ते विंगेतच.

आपल्या भागाला उघडं शरीर काय नवीन नाही. चिकोडी-निपाणीच्या रस्त्यावर दिगंबर जैन मुनींचा विहार (पायी प्रवास) चालू असला की लोक गाडी कडेला घेऊन हात जोडतात. आचार्य शांतिसागर महाराज भोजकडचे, विद्यासागर महाराज सदलग्याचे, घरोघरी फोटो आहेत, आणि पोरंटोरंसुद्धा तिथं हसत नाहीत कारण ते काय आणि कशासाठी हे त्यांना लहानपणापासून माहीत असतं. (नाटकाची आणि मुनिधर्माची बरोबरी करत नाहीये, उगाच चिडू नका.) आणि ह्याच जिल्ह्यात 2023 च्या डिसेंबरात वंटमुरीत एका बाईला विवस्त्र करून खांबाला बांधलं, हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली. तुमच्या नाटकाला येणाऱ्या माणसाच्या डोक्यात ह्या दोन्ही गोष्टी असतात. तिसऱ्या रांगेतल्या बाईला काय आठवणार आहे ते तुमच्या हातात नाही, पण अचानक अंगावर घालायचं की आधी सांगायचं हे तुमच्या हातात आहे.

पहिला प्रश्न दिग्दर्शकाला. खरंच लागतंय का? 1970 मध्ये तेंडुलकरांच्या 'गिधाडे'त साडीवरच्या लाल डागाला सेन्सॉरनं हरकत घेतली तेव्हा डाग निळा केला आणि प्रयोगाआधी अनाउन्समेंट केली की हा डाग लाल समजावा. झालं, सगळ्या थिएटरला लालच दिसला. सुचवून काम होत असेल तर सुचवा, पाठमोरं, सावलीत, पांढऱ्या पडद्यामागून लाइट टाकून. उलट हैस्नाम कन्हाईलाल यांचं मणिपुरी 'द्रौपदी' बघा, महाश्वेतादेवींच्या कथेवरचं, 2000 सालचं, त्यात सावित्री हैस्नाम शेवटी सैनिकी अधिकाऱ्यासमोर उघड्या अंगानं उभ्या राहतात, तिथं सावलीनं भागलंच नसतं. पुढं 2004 मध्ये इंफाळला कांगला किल्ल्यासमोर 12 बायकांनी खरोखरच तसं उभं राहून निषेध केला. इतकी गरज तुमच्या सीनला असेल तर करा, नुसती स्पर्धेत चर्चा व्हावी म्हणून असेल तर एखाद्या पोरीला कशाला पणाला लावता.

ठरलं की आधी बोलायचं, भूमिका द्यायच्या आधी. तालीम महिनाभर झाल्यावर "अगं इथं ब्लाउज काढायचाय" असं सांगणं म्हणजे फसवणूकच, कारण तोवर ती सगळ्यांच्या भिडेत अडकलेली असते. पोरगा असला तरी हाच नियम, पोरांना लाज नसते हा एक मोठा गैरसमज आहे. ऑडिशनला कुणालाही कपडे काढायला लावायचे नाहीत. 18 च्या खालचं कुणी असेल तर विषयच बंद, मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा आहे. आणि कागदावर लिहायचं, साध्या वहीच्या पानावर चालतंय: कुठल्या वाक्याला कुठला कपडा, किती सेकंद, कुठल्या बाजूनं लाइट, स्टेजवर त्या वेळी कोण कोण, अंगाला हात कोण लावणार आणि कुठं, फोटो-व्हिडिओ नाही, आणि शेवटी एक ओळ की प्रयोगाच्या दिवशीसुद्धा 'नाही' म्हणता येईल. त्या 'नाही'साठी दुसरा सीन बसवलेला तयार पाहिजे, नुसती ओळ लिहून उपयोग नाही. सिनेमात आता ह्या कामाला इंटिमसी को-ऑर्डिनेटर असतो, आपल्याकडं त्याचे पैसे कोण देणार, म्हणून ग्रुपमधलीच एखादी ताई नेमा जी दिग्दर्शकाचं ऐकून घेणार नाही. हे महत्त्वाचं. दिग्दर्शकाची बायको नको.

घरी सांगायचं काम कलाकारानं स्वतः करायचं. परवानगी मागा म्हणत नाही, पण आपलं गाव एवढं आहे की प्रयोग रात्री साडेनऊला संपला तर दहाला टिळकवाडीतनं शहापुरातल्या काकूला फोन गेलेला असतो. काकूकडनं कळण्यापेक्षा तुमच्याकडनं कळलेलं बरं.

तालमीत हा सीन पूर्ण कपड्यातच बसवायचा, वरून एक जादाचा शर्ट किंवा ओढणी घालून, कुठल्या शब्दाला कुठलं बटण, कुठला हात, नाचाच्या स्टेपसारखं मोजून. खरं खरं फक्त शेवटच्या दोन-तीन तालमींना, तेही लाइटसकट. दार आतनं लावायचं. एकदा आमच्यात सगळं नीट ठरवलं, पाचच माणसं आत, आणि चहावाल्याला सांगायचं राहिलं, पोरगं किटली घेऊन सरळ आत आलं आणि "चा किती देऊ?" म्हणत तिथंच थिजलं. ती पोरगी बिचारी हसली म्हणून निभावलं, पण दुसऱ्या दिवशी ती तालमीला आली नाही. तेव्हापासनं दाराबाहेर स्टूल टाकून एक माणूस बसवतो.

आता बारीकसारीक. आत घालायला बाजारात 'स्किन कलर'चं म्हणून जे कापड मिळतं ते आपल्या कुणाच्याच कातडीचं नसतं, लाइटखाली पिवळट गुलाबी दिसतं. होजिअरीचा सुती कपडा घ्या, चहाच्या कडक पाण्यात भिजवून रंग आणा, वाळवून स्टेजच्या लाइटखालीच बघा, घरच्या ट्यूबखाली बघून फसाल. पॉलिस्टरवर चहा चढत नाही. अंगाला लावायचा डबल टेप दोन दिवस आधी हातावर लावून बघा, घामानं सुटतोय का, पुरळ येतंय का. स्टेजवर अनवाणी आणि उघडं माणूस येणार असेल तर आधी फळ्यांवरून हात फिरवा, जुन्या सेटचे खिळे आणि गालिच्याच्या पिना हमखास असतात. डिसेंबरात बेळगावच्या थंडीत उघड्या अंगावर काटा येतो, थरथर येते, प्रेक्षकाला ती अभिनय वाटते, पण वाक्य तुटतं, म्हणून विंगेत गरम पाण्याची पिशवी ठेवा.

आणि शाल. माझं काम ते. ब्लॅकआउट झाला की कलाकार अंधारात माझ्याकडं येतो, त्याला काही दिसत नसतं, मी शाल दोन्ही हातात उघडी धरून, मान वळवून उभा असतो, कलाकार आला की ती खांद्यावर टाकायची, बोलायचं नाही, 'मस्त झालं' पण म्हणायचं नाही. शाल उलगडलेली पाहिजे. घडी घातलेली शाल अंधारात उलगडायला चार सेकंद लागतात आणि ते चार सेकंद तिला किती मोठे वाटतात ते मला एका बाईनं नंतर चांगलंच सुनावलंय. ही शाल फक्त त्याच कामाची, सत्काराच्या ढिगातली उचलू नका.

खरी भीती आता फोनची. 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'टेक मी आउट' नाटकाला प्रेक्षकांचे फोन कुलपाच्या पिशवीत घालून घेत होते, तरी कुणीतरी नटाचा उघडा व्हिडिओ काढला आणि नेटवर टाकला. तिथं ही गत, आपण तर नुसतं "कृपया मोबाइल सायलेंट ठेवा" म्हणतो. म्हणून प्रयोग लहान हॉलला, कमी खुर्च्यांवर करा, दारात फोन घेऊन नंबरचा बिल्ला द्या, चपलांच्या स्टँडवर देतात तसा, आणि दोन माणसं फक्त प्रेक्षकांकडं तोंड करून बसवा. आपल्याच व्हिडिओवाल्याला पण त्या सीनला कॅमेरा बंद करायला सांगा, लोक नेमकं हेच विसरतात. ग्रीनरूमची झरोक्यासकट सगळी पाहणी करा. कुणी काढलाच तर आयटी कायद्याचं 66ई आहे, संमतीशिवाय खासगी अवयवांचं चित्रण, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ग्रीनरूममध्ये कुणी चोरून बाईचं शूटिंग केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 77.

कायदा तुमच्यावर पण येऊ शकतो. सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृत्याला, लोकांना त्रास झाला तर, त्याच न्याय संहितेचं कलम 296 आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर हजारापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. सुप्रीम कोर्टानं 2014 मध्ये अवीक सरकार केसमध्ये एका नग्न फोटोबद्दल सांगितलं की नग्न म्हणजे आपोआप अश्लील नव्हे, संदर्भ आणि आजच्या समाजाची नजर बघायची, पण कोर्ट नंतर येतं, पोलीस स्टेशन आधी. महाराष्ट्रातल्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं, सर्टिफिकेट आहे म्हणून इकडं निर्धास्त राहू नका, कर्नाटकाचा नाट्यप्रयोगांचा 1964 चा वेगळा कायदा आहे. वकिलाला एक चक्कर मारा, अर्ज कन्नडमध्ये द्या, आणि हॉलवाल्याला सीन काय आहे ते तोंडावर सांगा, लपवून बुकिंग केलेलं एकदा आमच्या अंगलट आलंय, ऐनवेळी पडदाच उघडू दिला नाही.

बघणाऱ्यांनो, तुमचं काम सोपं आहे. तिकिटावर आणि दारावर मराठी-कन्नड दोन्हीत लिहिलेलं असेल की नग्नता आहे, किती वेळ आहे, 18 वर्षांखाली प्रवेश नाही. वाचा. नसेल लिहिलं तर काउंटरला विचारा, लाजू नका. आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर घरीच सांगा, मधल्या रांगेत अडकवून शेजारी मान खाली घालून बसू नका. नकोसं वाटेल असं वाटत असेल तर कडेची खुर्ची घ्या आणि सीन बदलताना उठा, कुणी काही म्हणत नाही. कुठं बघायचं असं पण लोक विचारतात, अहो चेहऱ्याकडं बघा की, नाटक तिथंच चाललेलं असतं. शिट्टी, खोकला, उगाच खाकरणं, शेजाऱ्याला कोपर मारणं नको, स्टेजवर सगळं ऐकू येतं. कुणी फोन काढलेला दिसला तर स्वतः भांडू नका, वॉलंटियरला खूण करा.

प्रयोगानंतर भेटायला जायचं तर कपडे बदलून ती नटी बाहेर येईपर्यंत थांबा. "किती धाडस हो तुमचं" हे तिनं त्या दिवशी वीस जणांकडनं ऐकलेलं असतं, त्यापेक्षा नाटकातलं एखादं वाक्य कळलं नसेल तर ते विचारा. आणि आठवड्यानं गणपत गल्लीत कोथिंबीर घेताना दिसली तर "ती बघ ती" म्हणून बायकोला दाखवू नका, तिला पण कोथिंबीरच घ्यायची असते.