माजी महिला सैनिकांची प्राथमिक आरोग्यसेवा : पॉलिक्लिनिकमध्ये काय बदलावे

माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे आपण सगळे जिला ईसीएचएस म्हणतो ती, १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. तिच्या पॉलिक्लिनिकच्या, म्हणजे योजनेच्या दवाखान्याच्या, नोंदणी खिडकीवर साठीच्या घरातली एखादी बाई उभी राहिली, की आजही पहिला प्रश्न बहुधा ‘साहेबांचं कार्ड आणलंय का?’ असाच येतो. ती स्वतः तीस वर्षे लष्करी रुग्णालयांत परिचर्या अधिकारी म्हणून राबलेली असू शकते, कार्ड तिच्याच नावाचे असू शकते आणि शेजारी उभा असलेला नवरा तिच्या सेवेमुळे लाभार्थी झालेला असू शकतो. ही चूक नुसत्या शिष्टाचाराची नाही. जिला आश्रित धरले जाते तिला सेवेबद्दल कोणी विचारत नाही, आणि ते विचारले नाही तर तिची कंबर का दुखते, झोप का उडाली, यकृताच्या तपासणीत काय शोधायचे, याचे निम्मे उत्तर हातातून निसटते. पुढील मार्गदर्शन पॉलिक्लिनिकचे प्रभारी अधिकारी, वैद्यकीय अधिकारी, परिचारिका आणि अशा रुग्णांना बाहेर तपासणारे कुटुंबवैद्य यांच्यासाठी आहे. यातील बहुतेक गोष्टींना नवी इमारत किंवा नवे पद लागत नाही.

आधी त्या कोण, हे कळायला हवे

माजी महिला सैनिकांचा सर्वांत जुना वर्ग मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा आहे. २८ मार्च १८८८ रोजी दहा प्रशिक्षित परिचारिका लष्करी रुग्णालयांतील शुश्रूषेची घडी बसवण्यासाठी मुंबईत उतरल्या, तेथून या सेवेचा वारसा सांगितला जातो. पुणे, खडकी, मुंबई, देवळाली अशा छावण्यांच्या परिसरात निवृत्त परिचर्या अधिकारी आजही भेटतात. दुसरा वर्ग सैन्यदलांच्या वैद्यकीय व दंत सेवांतील डॉक्टरांचा. तिसरा वर्ग १९९२ पासून अल्पसेवा कमिशनवर वैद्यकीय शाखांच्या बाहेर घेतल्या गेलेल्या अधिकाऱ्यांचा. त्यांच्यातील पहिल्या तुकड्या आता पन्नाशीत आहेत, म्हणजे रजोनिवृत्ती, रक्तदाब आणि मधुमेह यांच्या ऐन वयात.

या तिसऱ्या वर्गाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. काही वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतनाशिवाय बाहेर पडलेल्या अल्पसेवा अधिकाऱ्यांना ईसीएचएसचे दार पूर्वी बंद होते. मार्च २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ते उघडले, पण ज्या तोवर नोकरी-संसारात गुंतून लष्करी वर्तुळापासून दूर गेल्या होत्या, त्यांच्यापर्यंत ही बातमी पोहोचलीच असे धरून चालू नये. सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२० रोजी महिला अधिकाऱ्यांच्या स्थायी कमिशनचा निकाल दिल्यामुळे, पूर्ण सेवा करून निवृत्त होणाऱ्यांची संख्याही यापुढे वाढत जाणार आहे. वीरपत्नींच्या गरजा खऱ्या आणि मोठ्या आहेत, परंतु त्या वेगळ्या आहेत. दोघींना एकाच रकान्यात टाकल्याने दोघींचेही नुकसान होते.

म्हणून पहिले काम असे, की नोंदणीच्या वेळी प्रत्येक स्त्रीला ‘आपण स्वतः सैन्यदलात सेवा केली आहे का?’ हा प्रश्न विचारावा, आणि उत्तर होकारार्थी असल्यास दल, शाखा व सेवेची वर्षे तिच्या कागदपत्रांच्या पहिल्या पानावर लिहावीत. दुसरे काम म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी बोलून तेथे नोंद असलेल्या, पण पॉलिक्लिनिकमध्ये कधीच न आलेल्या माजी महिला सैनिकांना निरोप पोहोचवावा. काउंटरवरील कर्मचाऱ्याला हे समजावून सांगायला अर्धा तास पुरतो आणि त्याचा परिणाम पुढील प्रत्येक भेटीवर होतो.

सेवेचा इतिहास घ्या

पहिल्या भेटीला वीस मिनिटे राखून ठेवावीत. ती एकदाच द्यायची असतात. कोणते काम केले, कुठे केले, त्या काळात शरीराला काय झाले आणि काय सांगायचे राहून गेले, एवढ्या चार दिशांनी बोलणे न्यावे. डोंगराळ उंचीवरील, वाळवंटातील किंवा विमानतळावरील नेमणूक, जनरेटर आणि इंजिनांचा आवाज, इंधनाची वाफ, पाठीवरचे ओझे, रात्रपाळ्या, सेवेतील बाळंतपणे आणि त्यानंतर किती लवकर धावपळ पुन्हा सुरू झाली, हे सगळे विचारावे. फील्डमध्ये स्वच्छतागृह दूर किंवा असुरक्षित असल्याने पाणीच कमी प्यायचे आणि लघवी तासन् तास रोखून धरायची, ही सवय अनेक जणींना जडते. वारंवार होणाऱ्या मूत्रमार्गाच्या संसर्गाची चौकशी करताना हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

परिचर्या अधिकाऱ्यांच्या बाबतीत आणखी खोलात जावे. वापरलेली सुई बोटात घुसण्याचे प्रसंग त्या पिढीत नोंदवले गेलेच असे नाही, म्हणून हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली आहे का, हे पाहावे. क्षयरोग वॉर्ड, शस्त्रक्रियागृहातील भुलीचे वायू, कर्करोगाची औषधे हाताळण्याचे काम, रुग्ण उचलून झिजलेली कंबर, उभे राहून फुगलेल्या पायांच्या शिरा, या साऱ्यांची नोंद करावी. एक गोष्ट मला फार खटकते. निवृत्त परिचारिका समोर बसली, की ‘तुम्हाला सगळं ठाऊकच आहे’ असे म्हणून तपासणी उरकली जाते. तिला रक्तदाबाची औषधे ठाऊक असतात, पण स्वतःच्या स्तनातील गाठ तीही इतरांसारखीच पुढे ढकलते. जाणकार रुग्णाला पूर्ण तपासणीची गरज इतरांपेक्षा तसूभरही कमी नसते.

सेवामुक्तीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीची कागदपत्रे मागून घ्यावीत. सैन्यदलात मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, सर्वसाधारण शारीरिक क्षमता आणि दृष्टी या पाच अंगांनी ‘शेप’ श्रेणी दिली जाते. ती कधी आणि कोणत्या अंगात खालावली, हे वाचले की जुने फ्रॅक्चर, ऐकू कमी येणे किंवा दीर्घकाळचा पाठदुखीचा त्रास यांचा धागा हाती लागतो. रुग्णाने अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी दावा केला असेल, तर आपली आजची स्पष्ट आणि तारखेसह केलेली नोंद तिला उद्या उपयोगी पडते.

खोली, पडदा आणि गुप्तता

लष्करी वर्तुळ लहान असते. पॉलिक्लिनिकचे प्रभारी अधिकारी तिच्या नवऱ्याचे जुने सहकारी असू शकतात आणि औषधांच्या रांगेत तिच्याच युनिटमधील माणसे उभी असू शकतात. त्यामुळे लक्षणे दाराशी किंवा खिडकीवर विचारू नयेत, रोगनिदान मोठ्याने उच्चारू नये आणि संवेदनशील नोंद उघड्या रजिस्टरमध्ये करू नये. प्रत्येक भेटीतला काही वेळ नवऱ्याला किंवा मुलाला बाहेर बसवून बोलण्याचा, हा नियम सर्वांसाठी ठेवला म्हणजे कोणालाच वावगे वाटत नाही. अंतर्गत तपासणीच्या वेळी महिला परिचर हजर असावी, प्रत्येक पायरी आधी सांगावी आणि ‘थांबा’ म्हटल्यावर हात लगेच थांबवावा.

डॉक्टर स्त्री असावी की पुरुष, हे रुग्णाला विचारावे. प्रत्येक ठिकाणी महिला डॉक्टर मिळणार नाही. पण निदान एका वैद्यकीय अधिकाऱ्याने या रुग्णांची जबाबदारी नावानिशी घ्यावी, असा माझा आग्रह आहे. अमेरिकेच्या माजी सैनिक आरोग्य व्यवस्थेने २००८ पासून आपल्या प्राथमिक डॉक्टरांना स्त्री-आरोग्याचे छोटे, प्रत्यक्ष सरावाचे प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली आणि महिला रुग्ण अशा प्रशिक्षित डॉक्टरांकडे सोपवण्याचे धोरण ठेवले, कारण वर्षानुवर्षे पुरुषच तपासलेल्या डॉक्टरांचा अंतर्गत तपासणीचा हात सुटलेला होता. आपल्याकडे पुण्याचे सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय (एएफएमसी), तेथील कमांड हॉस्पिटल आणि मुंबईचे नौदल रुग्णालय आयएनएचएस अश्विनी इतक्या जवळ असताना, स्त्रीरोग विभागात काही दिवस बसून हा हात पुन्हा बसवून घेणे अशक्य नाही.

कोणत्या तपासण्या, कोणत्या वयात

रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि चरबी यांच्या तपासण्या सगळ्यांना माहीत आहेत, त्यावर अधिक लिहीत नाही. एवढेच, की छातीतली जळजळ, धाप आणि अनपेक्षित थकवा घेऊन आलेल्या पन्नाशीच्या स्त्रीला अॅसिडिटीची गोळी देण्यापूर्वी ईसीजी काढावा.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत मात्र थांबून विचार करावा लागतो. राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरील स्त्रियांची दर पाच वर्षांनी अॅसिटिक अॅसिड लावून पाहण्याची तपासणी होते. रजोनिवृत्तीनंतर गर्भाशयमुखाचा जो भाग पाहायचा असतो तो आत सरकतो, त्यामुळे त्या वयात ही तपासणी भरवशाची राहत नाही. आपल्याकडे येणाऱ्या बहुसंख्य माजी महिला सैनिक याच वयाच्या असल्याने त्यांच्यासाठी एचपीव्ही (या कर्करोगाला कारणीभूत ठरणारा विषाणू) चाचणी किंवा पॅप स्मिअरची (गर्भाशयमुखाच्या पेशींच्या तपासणीची) सोय रेफरलने करावी. एचपीव्ही चाचणीचा नमुना स्त्री स्वतःही घेऊ शकते आणि जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीला मान्यता दिलेली आहे. अंतर्गत तपासणीला ठाम नकार देणाऱ्या रुग्णाला हा मार्ग जरूर सांगावा.

भारतात रजोनिवृत्ती साधारण ४६-४७ व्या वर्षी येते. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर झालेला कोणताही रक्तस्राव स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावा, थेंबभर असला तरी. खोकताना किंवा पायऱ्या चढताना लघवी सुटते का, हे आपण होऊन विचारावे, कारण शिस्तीत वाढलेल्या स्त्रिया ही तक्रार स्वतः मांडत नाहीत आणि वर्षानुवर्षे पॅड वापरून दिवस काढतात. यावर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम उपयोगी पडतो. दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी निदान आठ आकुंचने, असे किमान तीन महिने चालवावे लागते. पॉलिक्लिनिकमधील फिजिओथेरपिस्टने तो एकदा नीट शिकवावा, नुसता छापील कागद हातात देऊ नये. योनिमार्गाच्या कोरडेपणासाठी इस्ट्रोजेनचे मलम लागते. ते साठ्यात नसेल तर मागणीपत्रात घालावे, म्हणजे रुग्णाला दरवेळी ‘एनए’चा (औषध उपलब्ध नाही असा) शेरा घेऊन बाहेरच्या औषध दुकानाकडे जावे लागणार नाही.

मनाबद्दल विचारताना

गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असे किती दिवस झाले, आणि मन उदास किंवा हताश किती दिवस राहिले, हे दोन प्रश्न दरवर्षी विचारावेत. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण धरून बेरीज तीन किंवा अधिक आली, तर नऊ प्रश्नांची पूर्ण प्रश्नावली घ्यावी.

लैंगिक छळाचा प्रश्नही विचारला पाहिजे, आणि तो सर्वांनाच विचारला पाहिजे. अमेरिकेच्या माजी सैनिक व्यवस्थेत हा प्रश्न प्रत्येक रुग्णाला विचारतात. तेथे सुमारे तीनपैकी एक स्त्री सेवाकाळात असा छळ किंवा अत्याचार झाल्याचे सांगते, आणि त्यावरील उपचारांसाठी तिच्याकडे तक्रारीचा पुरावा मागितला जात नाही. आपल्याकडे प्रश्न साधा ठेवावा: ‘सेवेत असताना कोणाच्या वागण्याने तुम्हाला इजा किंवा भीती वाटली होती का? सांगायचं नसेल तरी चालेल.’ उत्तर आले तर ऐकून घ्यावे, तपशील खोदू नयेत, ‘तेव्हा तक्रार का केली नाही’ हे शब्द तोंडातून निघू देऊ नयेत, आणि तिच्या संमतीनेच नोंद करावी. मानसोपचाराच्या रेफरलबरोबर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांकही द्यावा. सैन्यदलांशी संबंधित लाभार्थ्यांसाठी या सेवेचा विशेष कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसीत सुरू झाला आहे.

रेफरल देऊन काम संपत नाही

मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी), एचपीव्ही चाचणी आणि मानसोपचार या तीन रेफरलांसाठी वेगळी वही ठेवावी आणि एका परिचारिकेने महिन्यातून एकदा फोन करून अहवाल आला का, हे पाहावे. गावाहून एसटीने येणाऱ्या रुग्णाच्या रक्तचाचण्या, सोनोग्राफी आणि डॉक्टरची भेट एकाच दिवशी बसवावी. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या आतल्या गावातून तीनदा यायला लागले, की तिसरी खेप होत नाही.

अग्निवीर मुलींसाठी आत्ताच तयारी

२०२२ च्या अखेरीस नौदलाने पहिल्या महिला अग्निवीरांचे प्रशिक्षण सुरू केले आणि चार वर्षांचा करार संपल्यावर त्यांतील बहुतेक जणी ऐन पंचविशीच्या आसपास घरी परततील. त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि ईसीएचएसही नाही, म्हणजे त्यांची प्राथमिक आरोग्यसेवा ही गावचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा कुटुंबवैद्य यांच्यावरच येणार आहे. अशा मुलीला ‘कुठे होतीस?’ असे विचारून, कठोर प्रशिक्षणात पायाच्या हाडांना तडे गेले होते का, पाळी काही महिने बंद झाली होती का, हिमोग्लोबिन किती आहे, इंजिनजवळच्या कामामुळे ऐकू कमी येते का, गर्भनिरोधन काय वापरते, हे पाहावे आणि २६ वर्षांच्या आत असल्यास एचपीव्ही लस घेतली आहे का, हेही तपासावे. करार संपण्यापूर्वी आपल्या वैद्यकीय कागदपत्रांच्या प्रती मागून घे, असे तिच्या घरच्यांमार्फत तिला आत्ताच कळवता येईल.