वाफेपासून हायड्रोजन: इलेक्ट्रोड सुधारण्याची एक वाट

कोल्हापुरातील एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा शिवाजी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, सुमारे 800 अंश सेल्सिअसवर वाफेपासून हायड्रोजन मिळवणाऱ्या घन ऑक्साइड सेलवर (विजेने वाफेचे विघटन करणाऱ्या सिरॅमिक सेलवर) काम सुरू करणाऱ्या विद्यार्थ्याने नवे रासायनिक सूत्र शोधण्याआधी जुनाच इलेक्ट्रोड सुधारून पाहावा, असे माझे ठाम मत आहे. वाफेच्या बाजूला निकेल आणि यिट्रियायुक्त झिर्कोनिया (यिट्रियम ऑक्साइड मिसळलेला झिर्कोनियम ऑक्साइड) यांचा सच्छिद्र थर असतो. निकेलमधून इलेक्ट्रॉन जातात, झिर्कोनियातून ऑक्साइड आयन जातात, आणि हे दोन्ही जिथे छिद्राला भिडतात त्या तिहेरी सीमेवर वाफेचे विघटन होते. ती सीमा वाढवणे आणि टिकवणे हेच काम आहे.

थरातले निकेल सुरुवातीला ऑक्साइडच्या रूपात असते. त्या निकेल ऑक्साइडचे हायड्रोजनमध्ये क्षपण होताना (म्हणजे त्यातला ऑक्सिजन निघून जाताना) त्याचे घनफळ सुमारे 40 टक्क्यांनी घटते व छिद्रे तयार होतात. त्यानंतर तिहेरी सीमा वाढवण्यासाठी सेरियम आणि गॅडोलिनियम यांच्या नायट्रेटांचे 9:1 प्रमाणातील द्रावण थेंबाथेंबाने सोडून निर्वातात मुरवावे, वाळवावे आणि हवेत सुमारे 350 अंशांपर्यंतच भाजावे, म्हणजे छिद्रांत गॅडोलिनियमयुक्त सेरिया (सेरियम ऑक्साइड) उरतो. या तापमानाहून बरेच वर गेल्यास निकेलचे पुन्हा ऑक्साइड होऊन ते फुगते आणि थराला तडे जातात. मुरवण्या-भाजण्याच्या प्रत्येक फेरीनंतर वजन नोंदवावे. नायट्रेटे हवेतील ओलावा झपाट्याने शोषतात, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर उघड्या बाटलीतील नायट्रेटाचे वजन भरवशाचे राहतच नाही; म्हणून थोडा नमुना भाजून त्यातून किती ऑक्साइड उरतो ते मोजावे आणि त्यावरूनच प्रमाण ठरवावे. भाजताना नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड निघतात, तेव्हा हे काम धूर खेचणाऱ्या कपाटातच करावे. निकेल ऑक्साइडची भुकटी श्वासात जाऊ देऊ नये.

शिरोलीच्या फाउंड्रीत काम केलेल्यांना ठाऊक असते की भट्टीचा मीटर एक तापमान दाखवतो आणि प्रत्यक्ष मालाचे वेगळे असते. म्हणून नमुन्याला लागून दुसरा थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) ठेवावा.

ऑक्सिजनच्या बाजूला लँथॅनम-स्ट्रॉन्शियम-कोबाल्ट-फेराइटचा इलेक्ट्रोड वापरत असाल, तर तो थेट झिर्कोनियाच्या इलेक्ट्रोलाइटवर (दोन इलेक्ट्रोडांमधल्या दाट थरावर) लावू नये, कारण मध्ये स्ट्रॉन्शियम झिर्कोनेटचा रोधक थर तयार होतो. मध्ये गॅडोलिनियमयुक्त सेरियाचा दाट थर घालावा.

चाचणीत वाफेबरोबर सुमारे 10 टक्के हायड्रोजन द्यावा, म्हणजे निकेलचे ऑक्साइड होणार नाही. इम्पिडन्स आलेखात (वेगवेगळ्या वारंवारतेच्या प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाला सेलचा रोध दाखवणाऱ्या आलेखात) जास्त वारंवारतेच्या टोकाचा छेद ओमी रोध दाखवतो आणि पुढची कमान इलेक्ट्रोडचा. सेरिया मुरवल्यावर कमान आकसली पाहिजे. पण पहिल्या दिवसाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. विद्युतप्रवाह स्थिर ठेवून शेकडो तास व्होल्टेज पाहावे, कारण दीर्घ काळात निकेल इलेक्ट्रोलाइटपासून दूर सरकते आणि काचेच्या सीलमधून वाफेबरोबर आलेली सिलिका सीमेवर साचते. चाचणीनंतर सेल हायड्रोजनमध्येच थंड करावा, काप घ्यावा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली इलेक्ट्रोलाइटलगतचे पहिले 10 मायक्रॉन न मुरवलेल्या नमुन्याच्या शेजारी ठेवून तपासावेत.