फोर-बाय-फोरचा गंज: आधी पाण्याला वाट, मग लेप

गाडी धुऊन-पुसून चकचकीत केली की आपण खूश होतो. गंजाला त्याचं काही सोयरसुतक नसतं. दारं आणि बॉनेटवरचा गंज निदान डोळ्यांना दिसतो. फोर-बाय-फोरची, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणाऱ्या गाडीची, चासी (खालचा पोलादी सांगाडा) मात्र 'वरून कीर्तन, आतून तमाशा' अशातली. तिचे पोकळ, चौकोनी दांडे आतल्या आत गंजत जातात, आणि बाहेर पहिलं भोक दिसतं तेव्हा आजूबाजूचा पत्राही पातळ झालेला असतो.

गंजाला लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एवढं पुरतं. मिठाने त्याला जोर येतो, कारण खारं पाणी विजेचं चांगलं वाहक असतं आणि गंजणं ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे. शिवाय मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे कोरडा वाटणारा कोपराही ओलाच राहतो. समुद्रकिनाऱ्यावर चालवलेली किंवा मीठ टाकलेल्या बर्फाळ रस्त्यावरून आलेली गाडी लवकर गंजते ती यामुळेच. आणि चिखल? तो ओल्या बोळ्यासारखा पत्र्याला चिकटून बसतो. मडगार्डच्या आत साचलेला चिखल वरून वाळलेला दिसतो; खरवडून बघा, आत दमट निघतो.

म्हणून पहिलं काम लेपाचं नाही, शोधाचं. सपाट, पक्क्या जागेवर गाडी लावा, चाकांना अडण्या लावा आणि गाडी उचलायची असेल तर खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण वरून पोपडे पडतातच. टॉर्च घेऊन चासीच्या दांड्यांच्या तळाची भोकं शोधा. ती पाणी निथळण्यासाठी मुद्दाम ठेवलेली असतात आणि कच्च्या रस्त्यावर हिंडणाऱ्या गाडीत हमखास बुजलेली सापडतात. प्लास्टिकच्या काडीने किंवा बोथट तारेने ती मोकळी करा. दारांच्या खालच्या कडेची आणि फूटबोर्डाजवळच्या पेटीची भोकंही विसरू नका. दार हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज येत असेल तर निदान झालंच.

मग धुणं. इथे घाई नको. पंपाचा फवारा चासीच्या भोकांतून आत सोडा आणि दुसऱ्या टोकाने स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडत राहा. सुरुवातीला किती माती बाहेर पडते ते पाहून थक्क व्हाल. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिझेल टाकीखाली संरक्षक पत्रे असतील तर ते वर्षातून एकदा खोलून काढा. दगडांपासून वाचवणारे हे पत्रे चिखलाचे तसराळे होऊन बसतात. स्प्रिंगच्या पाट्यांमधल्या फटी, तिच्या बैठका आणि मडगार्डची आत वळलेली कड या जागाही मातीच्या आवडत्या. फक्त जोराचा फवारा चाकांच्या बेअरिंगचे सील, विजेचे जोड आणि रेडिएटरची जाळी यांच्यावर जवळून मारू नका. खाऱ्या पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, उद्यावर ढकलू नका.

धुतल्यावर गाडी हवेशीर जागी पूर्ण वाळू द्या. मीठ लागलेली ओली गाडी उबदार, कोंदट गॅरेजमध्ये कोंडणं म्हणजे गंजाची सोय करणं, कारण उबेत ही क्रिया वेगाने होते.

आता असलेला गंज. सुटलेले पोपडे तारेच्या ब्रशने आणि सँडपेपरने काढा. शक्य तिथे लख्ख धातू दिसेपर्यंत घासा आणि त्यावर जस्तयुक्त प्रायमर द्या. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजतं आणि खालचा पत्रा वाचवतं. जिथे हात आणि ब्रश पोचत नाही तिथे गंजाचं रूपांतर करणारं द्रावण वापरता येतं. टॅनिक आम्लाचं द्रावण गंजाला निळसर-काळ्या, स्थिर थरात बदलतं. फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लोहाच्या फॉस्फेटचा थर बनवतं. दोन्हींवर नंतर रंग हवाच. सुट्या पोपड्यांवर मात्र ही द्रावणं ओतून उपयोग नाही.

लेपाबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. डांबर-रबराचा जाड काळा लेप मारला की गाडी खालून नवी दिसते. मीही एकदा नीट न वाळलेल्या चासीवर तो मारून घेतला होता. पुढे एके ठिकाणी तो टणक सालीसारखा सुटला आणि खाली लालभडक गंज! लेपाला तडा गेला की पाणी आत शिरतं आणि तिथेच कोंडतं. त्यामुळे चासीसाठी मला मऊ राहणारा मेणाचा, तेलाचा किंवा मेंढीच्या लोकरीतल्या लॅनोलिनचा लेप बरा वाटतो. तो हळूहळू धुऊन जातो, म्हणून साधारण दर वर्षी पुन्हा द्यावा लागतो. पण खाली काय चाललंय ते लपवत नाही. सतत दगड उडतात त्या मडगार्डच्या आतल्या बाजूला जाड लेप ठीक आहे, पण स्वच्छ आणि कोरड्या पत्र्यावरच.

पोकळ दांड्यांत बाहेरून ब्रश चालत नाही. त्यासाठी लांब लवचीक नळीचं, चहूबाजूंनी फवारणारं नोझल मिळतं. नळी टोकापर्यंत आत घाला आणि मेण फवारत हळूहळू मागे ओढा. शेवटी निथळण्याची भोकं पुन्हा तपासा, नाहीतर मघाशी मोकळी केलेली वाट आपणच मेणाने बुजवायचो. ब्रेकच्या डिस्क आणि पॅड, सायलेन्सरची नळी, सेन्सर, ॲक्सलचे श्वासमार्ग (आतली हवा ये-जा करण्याच्या वाटा) यांवर लेपाचा थेंबही नको. खनिज तेलाने रबरी बुश (सांध्यांतल्या रबरी गाद्या) फुगतात, तेही झाकून घ्या.

विंच (अडकलेली गाडी ओढणारं यंत्र), बुलबार (पुढचा संरक्षक दांडा), छतावरचं कॅरिअर बसवताना पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे उघडा पत्रा. त्याच्या कडेला प्रायमर आणि रंग दिल्याशिवाय बोल्ट आवळू नका. ॲल्युमिनियम आणि पोलाद थेट एकमेकांना भिडतात तिथे ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. 1948 साली आलेल्या पहिल्या लँड रोव्हरची बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची आणि चासी पोलादी होती. अशा जुन्या गाड्यांत दोन्ही भेटतात त्या जागी पांढरी भुकटी दिसते. मध्ये रबराचा किंवा प्लास्टिकचा वॉशर घातला की हा प्रश्न बराच मिटतो.

गाडीला लावायच्या इलेक्ट्रॉनिक गंजरोधक डब्यांवर मी पैसे घालणार नाही. विजेच्या प्रवाहाने धातू वाचवण्याची पद्धत जहाजांना आणि जमिनीतल्या पाइपांना उपयोगी पडते, कारण ते सतत पाण्यात किंवा ओल्या मातीत असतात. हवेत उभ्या गाडीभोवती तसं सलग वाहक माध्यमच नसतं.

तपासताना चासीवर हातोडीने हलके ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, किंवा स्क्रूड्रायव्हरचं टोक आत रुतलं, तर पुटी भरून वर रंग मारू नका. ते काम जाणत्या वेल्डरचं. ब्रेकच्या पाइपवर खड्डे पडलेले दिसले तर पाइप बदलेपर्यंत गाडी चालवूच नका. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा काढायला सांगा, आणि दांड्यांत मेण फवारलेलं आहे हे वेल्डरला आठवणीने सांगा, कारण ते पेट घेतं.