मंगोलांच्या अमलाखालचा रशिया: या चुका टाळा

या विषयावरच्या मराठी लेखांत सगळ्यात जास्त घोळ १३८० या सालाचा होतो. कुलिकोवोच्या मैदानात मॉस्कोचा राजपुत्र दिमित्री दोन्स्कोयने मंगोल सेनापती ममाईला हरवलं आणि रशिया मोकळा झाला, असं बिनदिक्कत लिहिलं जातं. पण दोनच वर्षांत, १३८२ला, मंगोलांच्या तोख्तामिश खानाने मॉस्को जाळलं आणि मंगोलांना द्यायची खंडणी पुन्हा सुरू झाली. मुळात ममाई खान नव्हताच. चंगीझखानाच्या वंशातला नसल्यामुळे त्याला गादीवर हक्क सांगता येत नव्हता, म्हणून तो नामधारी खान बसवून कारभार हाकत असे. तोख्तामिश मात्र वंशातला होता. विजयाचं मोल कमी करू नका, पण त्याला शेवटही म्हणू नका.

‘गोल्डन होर्ड’ या रशियावर अंमल असलेल्या मंगोल राज्याच्या नावाचं ‘सुवर्ण टोळी’ हे भाषांतरही टाळा. टोळी म्हटलं की लुटारू डोळ्यांपुढे येतात. मूळ शब्द ‘ओर्दू’, म्हणजे छावणी. आपल्याकडचा ‘उर्दू’ शब्द त्यातूनच आला. व्होल्गाकाठी सराय ही त्यांची राजधानी होती. १२३७ ते १२४० या काळात रियाझान, व्लादिमिर, कीव्ह उद्ध्वस्त करणाऱ्या बातूखानाचे वंशज तिथूनच राज्य करत. रशियन राजपुत्रांना गादीसाठी ‘यार्लिक’, म्हणजे खानाचं फर्मान, घ्यावं लागे.

म्हणूनच मॉस्कोला निव्वळ पीडित दाखवणं मला पटत नाही. १३२७ला त्वेर शहर खानाविरुद्ध उठलं, तेव्हा मॉस्कोचा इव्हान कलिता खानाच्या फौजेबरोबर ते चिरडायला गेला. पुढे खंडणी गोळा करून सरायला पोचवण्याचं काम त्याच्याकडे आलं. ‘कलिता’ म्हणजे पैशांची थैली! मॉस्कोच्या वाढीत या थैलीचा मोठा वाटा आहे.

आणि १४८०, म्हणजे मंगोल अंमल संपल्याचं मानलं जाणारं साल? उग्रा नदीवर घनघोर युद्ध झालंच नाही. नदी ओलांडायच्या उतारांवर चकमकी झाल्या, मग मॉस्कोचं आणि मंगोलांच्या अहमद खानाचं अशी दोन्ही सैन्यं समोरासमोर ताटकळत राहिली. अहमद खान पोलंड-लिथुएनियाचा राजा काझिमिर याच्या मदतीची वाट पाहत होता. पण क्रिमियाचा खान मेंगली गिराय याने काझिमिरच्याच मुलखावर धाड घातली आणि कुमक आली नाही. नोव्हेंबरात अहमद माघारी वळला. त्याच्या राज्याचा उरलासुरला डोलारा १५०२ला कोसळला, तोही मॉस्कोच्या हातून नाही, याच मेंगली गिरायच्या हातून.