मुरवण्यासाठी घेतलेली कोवळी रेड वाइन कशी चाखावी

दहा-पंधरा वर्षं ठेवून मुरवण्याच्या लायकीची रेड वाइन कोवळेपणी चाखली, तर ती बहुधा गोड वागत नाही. तोंड कोरडं पडतं, हिरड्या आवळल्यासारख्या होतात आणि चाखणारा "नाही आवडली" म्हणून ग्लास बाजूला सारतो. मला हा निकाल फार घाईचा वाटतो. आज ती आवडते की नाही, याला फारसं महत्त्व नाही. तिच्यातला तुरटपणा निवळेल त्या दिवशी फळाचा स्वाद शिल्लक असेल का, एवढंच मला जाणून घ्यायचं असतं. पुढची सगळी रीत त्यासाठी आहे.

वेळ शक्यतो जेवणाआधीची, भूक जरा चाळवलेली असते तेव्हाची. नुकतेच दात घासलेले नकोत, कॉफी नको, अंगाला अत्तर नको. वाइन १६ ते १८ अंश सेल्सिअसला असावी. हे काटेकोर पाळा, कारण त्याहून गार वाइनमध्ये टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, आहे त्यापेक्षा रागीट वाटतं आणि कोमट वाइनमध्ये अल्कोहोलच नाकात शिरतं. ग्लास तोंडाशी निमुळता हवा आणि त्यात ५० मिलिलिटर पुरे. शेजारी पाणी, साधा पाव आणि थुंकायला एक भांडं. थुंकण्याचा संकोच वाटू देऊ नका. दोन-तीन वाइन गिळल्यावर पुढच्या वाइनला कुणाच्याही हातून न्याय मिळत नाही. चीज मात्र टेबलावरून उचला. त्यातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनची धार बोथट करतात. जेवताना तेच हवं असतं, पारख करताना ते दिशाभूल करतं.

रंगावर मी फार वेळ घालवत नाही. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरावा आणि कडेला जांभळट झाक आहे ना, ते बघावं. कोवळ्या वाइनची कड आत्ताच विटकरी दिसली, तर बहुतेक द्राक्षांच्या बाबतीत ती शंकेची जागा. गडद रंग म्हणजे दीर्घायुष्य हा समज मात्र सोडून द्या. इटलीतली बारोलो ही वाइन ज्या नेबिओलो द्राक्षापासून होते, त्याची वाइन फिकट असते आणि तिची कड लवकर केशरी होते. तरीही तिचं टॅनिन एवढं असतं, की नियमानेच ती किमान ३८ महिने, त्यातले १८ लाकडात, ठेवल्याशिवाय बाजारात आणता येत नाही.

वास दोनदा घ्यावा. आधी ग्लास न हलवता, दोष शोधण्यासाठी. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बूच बाधलेलं; ते वयाने सुधारत नाही. नेलपॉलिशचा किंवा व्हिनेगरचा भपका आला तरी मी ती वाइन ठेवायला घेत नाही. मग ग्लास गोल फिरवून पुन्हा नाक आत घालावं. आता ओकच्या लाकडी पिंपातून आलेले वास येतील: व्हॅनिला, लवंग, भाजलेल्या लाकडाचा धूर. ते असण्याला हरकत नाही, खाली भरघोस फळ असेल तर काही वर्षांत ते त्यात विरून जातात. पण पुन्हापुन्हा हुंगूनही लाकडापलीकडे काहीच सापडत नसेल, तर सावध व्हा. फळाचा ताजेपणाही बघा. ब्लॅककरंट किंवा चेरी ताजी वाटते आहे, की जॅमसारखी शिजलेली? जी वाइन कोवळेपणीच मनुकांसारखी वास मारते, तिच्यापुढे मला लांबचा रस्ता दिसत नाही. नुकतीच बाटलीत भरलेली वाइन काही महिने मिटून बसते, त्यामुळे वास कमी आला म्हणून लगेच नापास करू नका.

आता घोट, आणि इथे मात्र घाई अजिबात नको. एक मोठा चमचाभर वाइन तोंडात घ्या, ओठ किंचित उघडून तिच्यावरून थोडी हवा आत ओढा आणि चूळ भरल्यासारखी ती सगळीकडे फिरवा. पहिल्या क्षणी फळ येतं. पाठोपाठ आंबटपणा येतो आणि जिभेच्या कडांना पाणी सुटतं. टॅनिन सगळ्यात उशिरा येतं, कारण ते नुसतं चाखायचं नसतं, ते स्पर्शाने कळतं. सालींतून, बियांतून आणि लाकडातून आलेलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि गाल हिरड्यांना घासू लागतो. बिनदुधाचा कडक चहा थंड झाल्यावर प्यायलात तर हाच अनुभव येतो. थुंकल्यावर जीभ पुढच्या दातांवरून आणि वरच्या हिरडीवरून फिरवा. तिथे टॅनिनचा पोत लागतो: बारीक आणि मखमली, की खरबरीत? ते तोंडभर सारखं पसरलंय, की एकाच जागी ओरखडतंय? बारीक टॅनिन कितीही भरपूर असलं तरी मी घाबरत नाही. जिभेच्या मुळाशी कडू, हिरवट चव राहिली, तर द्राक्षं पुरती पिकली नव्हती असं समजावं. तो कच्चेपणा वर्षं गेली तरी पुरता हटत नाही.

थुंकल्या क्षणापासून मनात सेकंद मोजायला लागा. फ्रेंच चाखणारे यासाठी 'कोदाली' हे माप वापरतात, एक कोदाली म्हणजे एक सेकंद. आकड्यापेक्षाही शेवटी काय उरतं ते बघा. फळ चार-पाच सेकंदांत विझलं आणि पुढे नुसता कोरडेपणा उरला, तर या वाइनचं टॅनिन तिच्या फळाला पुरून उरणार. कोरडेपणाच्या मधूनच फळ पुन्हा वर आलं आणि शेवटपर्यंत सोबत राहिलं, तर ती ठेवायची. दुसरा घोट लगेच घेऊ नका. टॅनिनचा परिणाम घोटागणिक साचत जातो, म्हणून मध्ये पाणी, पावाचा तुकडा आणि मिनिटभर विसावा.

नुसत्या टॅनिनवर भिस्त ठेवणाऱ्यांना फ्रान्सच्या बोर्दो या वाइनच्या प्रदेशानेच धडा दिला आहे. तिथे सुगीनंतरच्या वसंतात वाइन पिंपात असतानाच व्यापारी आणि समीक्षक ती चाखतात. १९७५च्या वाइन कमालीच्या कडक होत्या, त्यामुळे त्या टिकतील असा अंदाज होता. त्यातल्या बऱ्याचशा वाइनमधलं फळ टॅनिन निवळण्याआधीच सुकून गेलं. १९८२च्या वाइन कोवळेपणीच इतक्या रसाळ होत्या, की त्या टिकतील का अशी शंका काहींनी घेतली. त्यातल्या उत्तम बाटल्या पुढे कित्येक दशकं आनंद देत राहिल्या.

वर्षांनी काय बदलतं आणि काय नाही, हेही चाखताना डोक्यात असू द्या. टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना जोडली जातात, त्यातलं काही गाळ होऊन तळाशी बसतं, आणि तुरटपणा मऊ होतो. आंबटपणा आणि अल्कोहोल मात्र जवळजवळ आहे तेवढंच राहतं. आज घशात जाळ करणारं अल्कोहोल पंधरा वर्षांनीही जाळच करेल, आज सपक वाटणारी वाइन नंतरही सपकच राहील. म्हणून या दोन गोष्टी मला पहिल्याच दिवशी पटाव्या लागतात. टॅनिनला मी मुदत देतो, त्यांना देत नाही.

बाटली त्याच दिवशी संपवू नका. अर्धी ठेवून बूच लावा, गार जागी ठेवा, दुसऱ्या आणि जमलं तर तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच तापमानाला आणून चाखा. हवेतला एक दिवस म्हणजे बाटलीतली अमुक वर्षं, असा हिशेब कुणी मांडला तर मी तो मानत नाही. दोन्ही प्रक्रिया वेगळ्या आहेत. पण वाइनचा कस त्यातून कळतो. आदल्या दिवशी मिटलेली वाइन दुसऱ्या दिवशी फुलली, तर मी निर्धास्त होतो. फळ गळून आंबूस वास आला, तर उरलेल्या बाटल्या लवकर प्यायच्या.

टिपणात 'छान', 'दमदार' असले शब्द नकोत. सेकंद किती, टॅनिन कुठे लागलं, शेवटी काय उरलं, दुसऱ्या दिवशी काय झालं आणि पुढची बाटली कोणत्या साली उघडायची, एवढं लिहा. बाकीच्या बाटल्या अंधारात, आडव्या, १२-१३ अंशांच्या आसपास, तापमान वरखाली न होणाऱ्या जागी ठेवा. ठरवलेल्या साली बाटली उघडली आणि वाइन मुकी वाटली, ना धड फळ ना धड वास, तर बिथरू नका. पुष्कळ मोठ्या वाइन तारुण्य आणि परिपक्वता यांच्यामध्ये काही वर्षं अशा गप्प होतात. त्या दिवशीचं टिपण आधीच्या टिपणाशेजारी ठेवा. आंबटपणा शाबूत असेल आणि थुंकल्यावर चव तेवढीच लांबत असेल, तर उरलेल्या बाटल्यांना आणखी दोन-तीन वर्षं हात लावू नका.