एक छोटा ॲम्प, चार स्पीकर : वायर कापण्याआधीची तयारी

स्पीकर चार, खोल्या दोन आणि ॲम्प (स्पीकरला आवाजाची ताकद देणारा ॲम्प्लिफायर) हाताच्या पंजाएवढा. अशा वेळी वायर आणायला धावू नका. आधी कागद-पेन घ्या आणि प्रत्येक स्पीकरच्या पाठीवर किती ओहम (विजेला होणारा अडथळा मोजायचं एकक) लिहिलेत ते टिपा. लेबल उडालं असेल तर मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन्ही टर्मिनलांना लावा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते साडेतीन. मग ॲम्पच्या मागचा मजकूर वाचा. तिथे '४ ते ८ ओहम' असेल, तर कुठल्याही चॅनेलवरचा (डाव्या किंवा उजव्या बाजूच्या आउटपुटवरचा) एकूण भार ४ ओहमच्या खाली जाता कामा नये.

सगळं काम या गणितावर उभं आहे. ८ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडले की ४ होतात, सिरीजमध्ये (एकाचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला) १६. चार पॅरलल जोडले तर २, आणि तिथेच छोटे ॲम्प दमतात. मी एका दिवाळीत चारही स्पीकर एकाच चॅनेलवर पॅरलल लावले होते. गाणं थोडं मोठं केलं की ॲम्प तापून बंद पडायचा, गार झाला की पुन्हा सुरू. आत उष्णतेपासून वाचवणारी सोय होती म्हणून तो जगला. प्रत्येक ॲम्पमध्ये ती असेलच असं नाही. त्यापेक्षा डाव्या चॅनेलवर दोन आणि उजव्यावर दोन, पॅरलल, म्हणजे दोन्हीकडे ४ ओहम. एकाच चॅनेलवर चार लावणं भाग असेल तर दोन-दोनच्या सिरीज जोड्या करून त्या पॅरलल करा, पुन्हा ८ ओहम मिळतात. सिरीजमधला एक स्पीकर निघाला की त्या जोडीतला दुसराही मुका होतो, हे ध्यानात असू द्या. ८ आणि ४ ओहमचे स्पीकर एकत्र जोडू नका. पॅरललमध्ये ४ वाला दुप्पट वीज ओढतो, सिरीजमध्ये त्याच्या वाट्याला निम्मीच येते.

टीपीए ३११६ चिपचे जे स्वस्त ॲम्प-बोर्ड सगळीकडे मिळतात, त्यांच्याबाबत एक गोष्ट कळकळीने सांगतो. त्यांच्या दोन्ही चॅनेलचे मायनस एकमेकांना जोडू नका, बॉडीलाही टेकवू नका. त्या मायनसवरही सिग्नल असतो. स्वयंपाकघरात एकच स्पीकर आहे आणि त्यात डावं-उजवं दोन्ही ऐकायचंय, म्हणून दोन चॅनेलच्या वायरी पिळून एक करणं तर अगदीच घातक. फोनच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू करा, काम झालं. ॲडॉप्टरही पाहून घ्या: २४ व्होल्ट, २ अँपिअर म्हणजे सगळे मिळून ४८ वॅट, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

वायर पूर्ण तांब्याची, लाल-काळी जोडवायर. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मीटरवर मिळते. दुकानातच टोक सोलून एक तार चाकूने खरवडा. आत पांढरट दिसली तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली, परत द्या. १ स्क्वेअर एमएमची १० मीटर वायर जाऊन-येऊन सुमारे ०.३५ ओहम खाते. ८ ओहमला ते चालतं, पण ४ ओहमच्या लांब अंतराला १.५ स्क्वेअर एमएमची घ्या. कोपरे-वळणं धरून सुतळीने मोजा, वर मीटरभर जास्त. घरातल्या विजेच्या वायरींच्या पाइपात ही वायर घालू नका; केसिंग पट्टी वेगळी मारा.

स्ट्रिपर, टेप, स्क्रूड्रायव्हर आणि पेन्सिल सेल जवळ ठेवा. प्लस-मायनसची खूण नसलेल्या स्पीकरला सेल क्षणभर टेकवा: पडदा बाहेर आला तर सेलचा प्लस जिथे, तोच स्पीकरचा प्लस. एक जरी उलटा लागला तरी ढोलकीचा बाया पोकळ वाटतो.

सगळं जोडून झालं, तरी ॲम्पकडची टोकं मोकळीच ठेवा आणि त्यांवर मल्टिमीटर लावा. दोन ८ ओहम पॅरललला ३ ते साडेतीन यायला हवेत. शून्याजवळ आलं तर कुठेतरी तारा टेकल्यात, काहीच आलं नाही तर तुटल्यात. आकडा जुळला की ॲम्प बंद असतानाच टोकं कसा, आवाज तळाला ठेवून सुरू करा आणि अर्ध्या तासाने हीटसिंकला (चिपवरच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना) बोट लावून पाहा.