हवेवर चालणारं इंजिन: सगळी गोम छिद्रांत

घरी हवेवर चालणारं पहिलंच इंजिन करणार असाल, तर डुलत्या सिलिंडरचं करा. त्याला वेगळा व्हॉल्व्ह लागत नाही. क्रँक (दट्ट्याच्या, म्हणजे पिस्टनच्या, ये-जा करण्याने चाक फिरवणारा दांडा) फिरतो तसा सिलिंडर डुलतो आणि त्याचं छिद्र आळीपाळीने हवा आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या छिद्रासमोर येतं. दट्ट्या अगदी टोकाला असताना मात्र हे छिद्र त्या दोन्हींच्या मधोमध, पूर्ण बंद हवं. नाहीतर हवा आतून थेट बाहेर निसटते आणि चाक ढिम्म हलत नाही. म्हणून आधी कागदावर मोठं चित्र काढा, मगच ड्रिल हातात घ्या. टोकाचा तो क्षण फ्लायव्हील, म्हणजे इंजिनचं ते चाक, ओलांडून देतं, ते चांगलं जड घ्या.

एकमेकांवर घासणारे पृष्ठभाग काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, थेंबभर तेल टाकून सपाट करा. यात घाई करू नका, माझी तर अख्खी दुपार जाते! गळती साबणाच्या पाण्याने शोधा.

हवेला सायकलचा पंप पुरतो. १५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) दाबाच्या आतच छोटं इंजिन फिरायला हवं. दाबलेली हवा साठवायला पीव्हीसी पाइप कधीही वापरू नका, तो फुटला तर धारदार तुकडे उडतात. डोळ्यांवर गॉगल हवाच.